माईकबाईंनी लिहिलेलं वाक्य

माईकबाईंचं खरं नाव शहरात चार जणांनाही ठाऊक नसेल, पण त्यांचा आवाज विचाराल तर शाळकरी पोरंसुद्धा नाक दाबून हुबेहूब नक्कल करून दाखवत. एकतीस वर्षं त्या बस आगारातल्या काचेच्या खोलीत बसून गाड्या सांगत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कोणाची पिशवी चौकशी खिडकीशी येऊन पडली आहे. वाक्यं दुसऱ्याने लिहून दिलेली असायची. बाईंनी ती फक्त वाचायची, तीही अशी की भरलेल्या फलाटावर बहिऱ्यालाही कळावीत.

काचेच्या खोलीचं एक सुख असतं, सगळं दिसतं. आणि एक दुःख असतं, आपणही सगळ्यांना दिसतो. गाडी चुकलेला माणूस ड्रायव्हरला बोलायला घाबरतो. मग तो काचेपाशी यायचा आणि आत बसलेल्या बाईला तोंडाला येईल ते बोलायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणी वयावर बोलायचा, कोणी अंगावर, तर कोणी 'घरी कोणी नाही वाटतं तुम्हाला' म्हणून. बाईंचा हात तेव्हा माईकच्या बटणावर असायचा आणि पुढच्या क्षणी त्यांना सात नंबरची गाडी सांगायची असायची. त्या एक श्वास घेत आणि सात नंबरची गाडी सांगत. आवाजात सुरकुतीसुद्धा पडत नसे. घरी आल्यावर मात्र त्या ओट्याशी उभ्या राहून तास तास भांडी घासत, आधीच घासलेली भांडी. ते पाहायला घरात खरोखरच कोणी नव्हतं.

निवृत्त झाल्यावर आगाराने त्यांना एक हार, एक घड्याळ आणि बंद पडलेला जुना माईक दिला. माईक त्यांनी मागून घेतला होता. तो त्यांनी बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि त्या एका टेबलावर पुढे त्यांचं दुसरं आयुष्य उभं राहिलं.

पहिली आली ती नगरपालिकेत नव्याने निवडून आलेली एक सदस्या. व्यवसायाने वकील, अंगात धमक, पण सभागृहात उभी राहिली की मागच्या बाकावरून कोणीतरी 'आवाज गोड आहे हो!' म्हणायचं आणि तिची बोबडी वळायची. कोर्टात न्यायाधीशासमोर न अडखळणारी बाई इथे अडखळायची. "बाई, तुम्ही एवढी वर्षं कसं ऐकून घेतलंत?" तिने विचारलं. बाईंनी तिला टेबलापाशी उभं केलं, बंद माईक पुढे सरकवला, स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या आणि तिथून सुरू झाल्या: "आवाज गोड आहे हो! जरा इकडे बघून बोला की!" वकीलबाई आधी हसल्या, मग लाल झाल्या आणि मग रडल्या. पंधराव्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "सदस्यांना माझा आवाज ऐकू येतो आहे हे ऐकून बरं वाटलं. आता मुद्दा ऐका." त्या दिवशी बाईंनी आपल्या हाताने चहा केला.

तिथून ही गोष्ट तोंडोतोंडी झाली. बायका येऊ लागल्या, सगळ्या पक्षांच्या. एकीचा पक्ष दुसरीच्या पक्षाला पाण्यात पाहायचा, पण मंगळवारी दुपारी त्या एकाच सतरंजीवर बसायच्या. बाईंना याचा फार अभिमान होता. "माझ्याकडे पक्ष नाही, फक्त आवाज आहे," असं त्या येणाऱ्या प्रत्येकीला सांगत. अभिमान वाईट नसतो, पण तो माणसाला भिंती विसरायला लावतो आणि भिंतींना कान असतात, हे एकतीस वर्षं काचेआड बसलेल्या बाईंना कसं सुचलं नाही, देव जाणे.

शिकवण्याची त्यांची पद्धत अशी होती. बिस्किटांचा एक रिकामा डबा, त्यात चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर बाईमाणसाला उद्देशून कुठेतरी खरोखर बोललेलं एक वाक्य. सभेत, चौकात, फोनवर, पत्रकात. 'नवऱ्याला विचारून आलात का?' 'रात्रीच्या बैठकांना बऱ्या हजर असता!' 'मेकअप करायला वेळ आहे, वॉर्डात यायला नाही.' एकीने चिठ्ठी काढायची आणि दुसरीच्या अंगावर फेकायची. दुसरीने श्वास घ्यायचा, एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि परत आपल्या विषयावर यायचं. रडायला पूर्ण परवानगी होती, पण उभं राहून. आठवड्याला एक याप्रमाणे डबा भरत गेला. हे वाचून तुम्हाला गंमत वाटत असेल तर वाटू द्या, त्या बायकांनाही कधीकधी वाटायची आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते पाणी सगळंच हसण्याचं नसायचं.

आणखी एक धडा होता, तो एकेकटीने घ्यायचा. बाई दार लावून विचारत, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय बोललं तर तू कोसळशील?" ती जे सांगेल ते बाई एका चिठ्ठीवर, जमेल तितक्या कडवट शब्दांत लिहीत आणि तिच्या तोंडावर वाचून दाखवत. पुन्हा पुन्हा, तिला ते ऐकवेपर्यंत. मग चिठ्ठी तिच्यासमोर फाडत. ही फाडण्याची शिस्त त्यांनी सहा वर्षं एकदाही मोडली नव्हती.

मग टेलरताई आल्या.

टेलरताईंचं दुकान मंडईच्या तोंडाशी. एक शिवणयंत्र, एक इस्त्री, गळ्यात कायम टेप. भाजीवाल्या बायकांनीच त्यांना निवडून दिलं होतं आणि त्याचं कारण साधं होतं: मंडईत बायकांसाठी संडास नव्हता. तीनशे बायका पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत तिथे बसत आणि सकाळपासून पाण्याला तोंड लावत नसत. प्यायलं तर जायचं कुठे? टेलरताईंच्या दुकानामागच्या खोलीत रांग लागायची. त्यांनी सभागृहात तीनदा हा विषय मांडला होता. 'संडास' म्हटलं की मागचे बाक हसायचे आणि तिन्ही वेळा विषय हसण्यावारी गेला होता.

"भीती कशाची वाटते?" बाईंनी दार लावून विचारलं.

टेलरताईंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझी मुलगी दीड वर्षाची होती तेव्हा मी तिला आईकडे ठेवून गेले. दुसऱ्या शहरात, कपड्यांच्या कारखान्यात. अकरा महिने. कामासाठी गेले असं सगळ्यांना सांगितलं."

"मग?"

"कामासाठी नव्हते गेले बाई. तिचं रडणं मला ऐकवत नव्हतं. रोज वाटायचं की आज माझ्या हातून काहीतरी होईल. म्हणून पळाले. परत आले तर ती मला मावशी म्हणाली." त्यांनी टेपचं टोक सोडलं. "तिला हे माहीत नाही. एकोणीस वर्षांची आहे आता. तिला कधी कळू नये एवढंच वाटतं."

बाईंनी पेन उचललं. आणि त्या दिवशी त्यांच्या हातून जे उतरलं ते असं: 'स्वतःची तान्ही लेक अकरा महिने आईच्या गळ्यात टाकून पळालेली बाई आता निघाली मंडईतल्या बायकांची काळजी वाहायला!'

त्यांनी ते वाचलं. टेलरताई पांढऱ्याफटक पडल्या, पण उभ्या राहिल्या. पाचव्या वाचनाला त्यांनी मान वर केली, नवव्या वाचनाला त्यांचं उत्तर तयार झालं. धडा झाला. आता चिठ्ठी फाडायची. तेवढ्यात टेलरताई म्हणाल्या, "बाई, मी जाते, गिऱ्हाईक उभं असेल," आणि घाईने निघून गेल्या. चिठ्ठी बाईंच्या हातातच राहिली.

आता खरं काय ते सांगायलाच हवं. बाई विसरल्या नाहीत. त्यांना ती चिठ्ठी फाडवेना. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं वाचली, हे त्यांचं स्वतःचं होतं आणि ते जमून आलं होतं. किती झोंबतं! कुठे थांबायचं ते बरोबर, कुठे मारायचं ते बरोबर. नाव तर कुठे आहे त्यात, असं म्हणून त्यांनी ती घडी घालून डब्यात टाकली. 'अकरा महिने' आणि 'मंडई' हे दोन शब्द नावापेक्षा जास्त बोलके आहेत, एवढी साधी गोष्ट त्यांना दिसली नाही. दुसऱ्यांना शहाणं करायला निघालेल्या माणसाची अक्कल कधीकधी अशी रजेवर जाते.

दोन मंगळवारांनी ती चिठ्ठी वकीलबाईंच्या हाती आली. टेलरताई त्या दिवशी नव्हत्या. वकीलबाईंनी ती समोरच्या एका नव्या सदस्येवर फेकली आणि थबकल्या. "बाई, हे कोण म्हणालं होतं? फारच जहरी आहे."

तेव्हाही बाईंना चिठ्ठी मागून घेता आली असती. त्या नुसत्या हसल्या. हसण्यात थोडी शेखी होती, ती वकीलबाईंनी पाहिली असणार.

सभेचा दिवस उजाडला. बाई वरच्या गॅलरीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. टेलरताई उठल्या. आवाज चांगला लागला होता, कागद न बघता बोलत होत्या. तीनशे बायका, एकही संडास नाही, किती जणींना मूत्राशयाचे आजार, डॉक्टरांचं पत्र. हसू आलं नाही. बाईंना वाटलं, जमलं. तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक मिशीवाले सदस्य अर्धवट उठले आणि निवांत आवाजात म्हणाले, "अध्यक्ष महाराज, स्वतःची तान्ही लेक अकरा महिने आईच्या गळ्यात टाकून पळालेली बाई आता निघाली मंडईतल्या बायकांची काळजी वाहायला!"

शब्दन् शब्द. थांबायचं तिथे थांबून.

सभागृह हसलं. टेलरताईंनी टेबलाची कड धरली. त्यांच्याकडे उत्तर होतं, नऊ वेळा घासून तयार केलेलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मग वर गॅलरीकडे पाहिलं, बाईंकडे. आणि त्या खाली बसल्या. अध्यक्षांनी विषय पुढच्या गुरुवारच्या सभेपुढे ढकलला. संध्याकाळपर्यंत त्याचं चित्रण शहरातल्या सगळ्या फोनांवर फिरत होतं.

बाईंनी घरी येऊन वकीलबाईंना फोन लावला. पलीकडे त्या रडतच होत्या. "मी जेवताना नुसतं ते वाक्य म्हणून दाखवलं हो आमच्या यांना, की बाईंकडे काय एकेक चिठ्ठ्या असतात! यांनी विचारलं, मंडईतली म्हणजे कोण? मी काही बोलले नाही. पण मी गप्प बसले तेच त्यांना पुरलं. ते आणि तो मिशीवाला रोज एकत्र फिरायला जातात." बाईंनी फोन ठेवला. त्यांना वकीलबाईंवर चिडायचं होतं, चीड काही आली नाही. चोर घरातच सापडला होता आणि तो आरशात दिसत होता.

तीन दिवस त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या टेलरताईंच्या दुकानात गेल्या. ताई कापडावर खडूने रेघा मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ती चिठ्ठी मी फाडली नाही," बाई म्हणाल्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती. "डब्यात टाकली. विसरून नाही, मला ते वाक्य आवडलं होतं म्हणून."

खडू थांबला. "मला वाटलं तुम्ही विकलंत."

"नाही गं."

"विकलं असतंत तर बरं झालं असतं, बाई. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या." त्यांनी कात्री उचलली, परत ठेवली. "तुम्हाला माहितीय मी का बसले? उत्तर येत होतं मला. पण ते मी तुम्हाला द्यायला शिकले होते. त्याच्या तोंडून तुमचंच वाक्य आलं, तेव्हा कळेचना की आता भांडायचं कोणाशी."

बाई गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसल्या. "मी सभागृहात येऊन सांगते. तीन मिनिटं बोलायला देतात नागरिकांना. माझी चूक आहे म्हणून सांगते."

"तुम्ही सांगितल्याने ते खोटं होणार आहे का?"

बाईंनी खाली पडलेली एक चिंधी उचलून तिची घडी घातली.

"मुलगी मैत्रिणीकडे जाऊन राहिलीय," ताई म्हणाल्या. "फोन उचलत नाही. त्या दिवशी आली, फोनमध्ये ते दाखवलं आणि विचारलं, 'हे खरं आहे?' मी हो म्हटलं. तिने पिशवी भरली. भांडली असती तरी चाललं असतं मला." त्यांनी टेप गळ्यातून काढून यंत्रावर ठेवला. "गुरुवारी काय करायचं ते माझं मी बघेन. तुम्ही काही शिकवू नका. आणि वर बसू नका. तुमच्याकडे बघितलं की मला ते ऐकू येतं."

बाई घरी आल्या. डबा ओट्यावर उपडा केला आणि चिठ्ठ्या फाडत बसल्या. सहा वर्षांच्या चिठ्ठ्या. फाडून संपल्या तरी त्यांना बरं वाटलं नाही.

गुरुवारी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण दुपार झाली तसं घर खायला उठलं. टेलरताई उठल्या नाहीत तर मंडईचा विषय कायमचा गेला, आणि टेलरताईही गेल्या. बाई निघाल्या. गॅलरीत त्या सगळ्यात मागे, खांबाआड जाऊन बसल्या, खालून दिसणार नाहीत अशा. पुढच्या रांगा भाजीवाल्यांनी भरल्या होत्या. बाईंच्या शेजारी एक तरुण मुलगी होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"इथून ऐकू येतं का नीट?" मुलीने विचारलं.

"येतं. पंखा बंद केला की जास्त येतं," बाई म्हणाल्या.

मुलीने चटकन वळून पाहिलं. "तुम्ही बस स्टँडवरच्या ना, काकू? आवाजावरून ओळखलं."

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी त्या मुलीचं कपाळ पाहिलं, हनुवटी पाहिली, थेट टेलरताईंची, आणि ती कोण ते त्यांना कळलं. उठून जावं असं वाटलं, पण खाली टेलरताई उभ्या राहिल्या होत्या.

आवाज वाईट लागला होता. बाईंनी शिकवलेलं काहीच त्यात नव्हतं. श्वास पुरत नव्हता, वाक्यं एकमेकांत अडकत होती. "मागच्या सभेत सदस्य जे बोलले ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी गेले होते. अकरा महिने. कामासाठी नव्हते गेले, मला सहन होत नव्हतं म्हणून गेले. परत आले तर माझ्या मुलीने मला ओळखलं नाही. त्याची शिक्षा सदस्यांनी मला द्यायची गरज नाही. ती मी रोज भोगते आहे." कोणीतरी खाकरलं. मिशीवाले काहीतरी म्हणायला उठू लागले. "बसा हो," टेलरताई रडत रडतच म्हणाल्या. "माझं झालं नाही अजून. मी वाईट आई होते, मान्य. पण मी वाईट आई होते म्हणून तीनशे बायकांनी पाणी प्यायचं नाही का? एवढं सांगा आणि मग बसते मी."

अध्यक्षांनी विषय मताला टाकला. वकीलबाईंनी आपल्या पक्षाकडे न बघता हात वर केला, त्यांच्या मागे आणखी दोघींनी. तीन मतांनी ठराव मंजूर झाला. पुढच्या रांगांतून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अध्यक्षांची घंटा कोणाला ऐकू आली नाही.

मुलगी टाळ्या वाजवत नव्हती. "हे तुम्ही शिकवलंत तिला?" तिने विचारलं. "मंगळवारी ती तुमच्याकडे यायची ना?"

नाही म्हणून सुटता आलं असतं. "आजचं मी नाही शिकवलं," बाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला. "त्या माणसाने म्हटलेलं वाक्य, ते माझं. सरावासाठी मी लिहिलं होतं. ते फाडायला हवं होतं, मी फाडलं नाही."

मुलगी त्यांच्याकडे वळली. "म्हणजे तिने तुम्हाला सांगितलं होतं? तिच्या तोंडाने?"

"मी विचारलं होतं."

"कधी?"

"दोन महिने झाले असतील."

मुलीने पिशवीचा बंद हाताभोवती आवळला. तिच्या डोळ्यांत राग असेल असं बाईंना वाटलं होतं. राग नव्हता, असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"मला आजीने सांगितलं होतं, देवाघरी जायच्या आधी," ती म्हणाली. "मी दहा वर्षांची होते. म्हणाली, तुझी आई तेव्हा आजारी होती, म्हणून गेली, तू मोठी झालीस की ती आपणहून सांगेल, तू विचारू नकोस. नऊ वर्षं मी वाट बघतेय काकू. आम्ही एकाच खोलीत झोपतो. रोज वाटायचं, आज सांगेल. आणि तिने ते पहिल्यांदा सांगितलं ते तुम्हाला."